जिथं चूल नाही

१

फाल्गुन लागला की आमच्या खोऱ्यात आभाळाचा भरवसा नसतो. सकाळी घोंगडी सोडवत नाही, दुपारी पाय पोळतात, आणि तिसऱ्या प्रहरी पहाडामागून वारा सुटला की मोहाची वाळकी पानं घरात शिरतात. एखाद्या दिवशी तर तासाभरात तिन्ही ऋतू होऊन जातात. गुरं बावरतात. माणसंही उगाच एकमेकांवर खेकसतात.

किरनापूरहून पूर्वेला दीड-दोन तास पायी चाललं की आमचं गाव लागतं. तीन बाजूंना पहाड आणि एका बाजूला बैलगाडीचा रस्ता. माझं नाव टिकाराम. मी गावचा गारपगारी, म्हणजे गारांपासून पीक राखणारा. माझा बाप हेच करायचा. गहू, जवस, लाखोळी खळ्यावर आली की प्रत्येक जण एक सूप धान्य घालायचा, त्यावर आमचं घर चालायचं.

काम काही मोठं नव्हतं. काळ्या ढगाच्या पोटात हिरवट पांढरं दिसायला लागलं की सदरा काढायचा, बापाचा विळा हातात घ्यायचा, मारुतीच्या पारावर उभं राहायचं आणि गारेला जागा सांगायची. बाप म्हणायचा, "गारेले नाही म्हणता येत नाही बाबू. ते निघाली असते. तिले फक्त जागा सांगता येते. अन् जागा अशी सांगजो, जिथं चूल नाही."

आमच्या पहाडाच्या माथ्यावर एक उघडा काळा दगड आहे, घराएवढा. बाप गारेला तिथं पाठवायचा, मीही तिथंच पाठवायचो. कधी जमायचं, कधी नाही. तासभर ओरडून घसा बसायचा. मी कधी छाती ठोकून बोललो नाही, आणि माझी बायको मैनाबाई तर तोंडावर म्हणायची, "ढग आपल्या पायानं जाते, अन् सूप तुम्ही भरून आणता."

माझ्याकडे आणखी एक काम होतं. आमच्या घराला लागून महागूचं घर. महागू बायकापोरं घेऊन भरवेलीच्या खाणीत कामाला गेला, तेव्हा किल्ली मला देऊन गेला. दरवर्षी होळीच्या आधी मी ते घर उघडायचो, झाडायचो, छपराची कवेलू पाहायचो. मैनाबाई सारवून द्यायची. मग पुन्हा कुलूप. तिचं सारवण गावात कुठंही ओळखू यायचं. लहानपणी विळ्यानं तिची उजवी करंगळी गेली होती. त्यामुळे शेणाच्या कमानी उठायच्या त्यात चारच्या जागी तीनच रेघा असायच्या.

२

सत्तावन्न सालच्या चैत्रात ढग काळ्या दगडावरूनच आला.

असं कधी झालं नव्हतं. ज्या जागी पाठवायचं तिथूनच तो निघाला होता. मी पारावर उभा राहिलो आणि माझी जीभच चालेना. खाली खळ्यांवर सगळ्या गावाचा गहू पडलेला. गावचे मोठे शेतकरी मोतीलाल पटेल धोतर खोचून पारापाशी आले.

"काय पाह्यतं गा टिकाराम? बोल ना! गहू गेल्यावर बोलशील का?"

माझ्या खांद्यावर पहिली गार पडली. बोराएवढी होती. मी चहूकडे पाहिलं. सगळ्या घरांच्या कवेलूंतून धूर निघत होता. एकाच घरातून नव्हता.

"महागूच्या घरात जा," मी म्हणालो.

ओरडलोसुद्धा नाही. शेजाऱ्याशी बोलावं तेवढ्याच आवाजात म्हणालो. आणि वारा थांबला. ढग वाहून गेला असं मी म्हणणार नाही. तो होता तिथंच फिका होत गेला, आणि थोड्या वेळानं ऊन पडलं. मोतीलाल पटेल हसायला लागले. मैनाबाई दारात उभी होती. तिनं पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

"आज खरंच गेला जी," ती म्हणाली.

महागूचं घर होतं तसंच उन्हात उभं होतं. एक कवेलू फुटलं नव्हतं.

३

पुढच्या होळीला मी किल्ली घेऊन गेलो. दुपार होती, आंगणातली माती तापलेली. कुलपाला हात लावला आणि मागे घेतला. ते थंड होतं. सावलीतलं लोखंड थंड असतं हे मला ठाऊक आहे. पण त्या कुलपावर ऊन होतं.

आत छपरी, म्हणजे पुढची ओसरी, मग माजघर, आणि मागे सयपाकाची खोली. पुढचं सगळं ठीक होतं. सयपाकखोलीत गेलो तर जमीन खालीवर खळग्यांनी भरलेली. बोराएवढे खळगे, एकमेकांना लागून. गार पडून गेल्यावर शेताच्या मातीवर जशी नक्षी राहते तशी. मी वर पाहिलं. कवेलू एकावर एक नीट बसलेली होती, उजेडाची एक तिरीपही नव्हती.

उंदीर असतील, मी मनाशी म्हणालो. नाहीतर वाळवी. सारवण जुनं झालं की पोपडे उडतात. असं म्हणत मी झाडत गेलो, आणि चुलीपाशी थांबलो. चुलीपुढं एक जागा गुळगुळीत राहिली होती. माणूस मांडी घालून बसेल एवढी. तिथं एकही खळगा नव्हता. सगळीकडे पडत असताना तेवढीच जागा कोणीतरी झाकून बसलं होतं, असं वाटत होतं.

पाट असेल ठेवलेला. पण महागूनं पाट नेले होते, मीच गाडीत चढवले होते.

मी मैनाबाईला बोलावलं. तिनं शेणमाती कालवून सगळं बुजवलं आणि तीन रेघांच्या कमानी काढत दारापर्यंत आली. "हे जागा बरी हाये बाप्पा," ती म्हणाली, "भर दुपारी कशी थंडी थंडी."

आता खरं सांगायला पाहिजे. त्यानंतर चार वर्षं, जेव्हा जेव्हा ढग आला, तेव्हा मी गारेला महागूच्या घरातच पाठवलं. काळ्या दगडासाठी तासभर घसा फाडावा लागायचा, इथं एक वाक्य पुरायचं. दरवर्षी खळगे असायचे. दरवर्षी चुलीपुढची ती जागा कोरी असायची. दरवर्षी मी झाडायचो आणि मैनाबाई सारवायची. कशाचीही सवय होते, आणि सोप्या कामाची लवकर होते.

४

बासष्टच्या माघात आमची साधना आली. एकुलती लेक. भरवेलीला दिली होती, जावई भोजराज खाणीत होता. ती चौथ्या-पाचव्या महिन्याची गरोदर होती, आणि भोजराज खोकत होता. मॅंगनीजची काळी धूळ त्याच्या नखांत बसलेली, तशीच छातीत बसली होती.

"डॉक्टरनं साफ सांगितलं मामाजी," तो म्हणाला, "खदान छोडो, नाही तर बाल-बच्चा पाहणं नशिबात नाही. मी पटेलांशी बोललो. ते अधियानं, अर्ध्या वाट्यानं, दोन एकर देऊन राह्यले."

"मंग इथंच राहा," मी म्हणालो. "एवढं घर हाये."

"घरजवाई नाही राहणार, मामाजी. वाईट नका मानू." तो हसला, मग खोकला. "महागूकाका भेटले होते भरवेलीत. म्हणाले, माझं घर पडूनच हाये, किल्ली तुझ्या सासऱ्यापाशी हाये, जाऊन राहा. पाडव्याले येतो आम्ही सामान घेऊन."

साधना आईच्या मांडीला टेकून बसली होती. "म्हंजे माय, मी हाक मारली का तू खिडकीतूनच ओ देशील," ती म्हणाली.

मैनाबाईच्या तोंडावरून आनंद वाहत होता. ती माझ्याकडे वळली आणि थांबली.

"लेक जवळ येऊन राह्यली तर तुमचं तोंड काहून उतरलं जी?"

"काही नाही," मी म्हणालो. "घर बरेच दिवस बंद हाये."

"मंग उघडा ना! किल्ली का कमरेले पूजेसाठी बांधली?"

सगळे हसले. मीही हसलो.

५

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. आभाळ निळंभोर होतं, बाहेर कुणीतरी चिंचा झोडपत होतं. मी कुलूप उघडलं आणि उंबऱ्यावरच उभा राहिलो.

आतून आवाज येत होता. सयपाकखोलीतून. सुपात तांदूळ पाखडावेत तसा, बारीक आणि एकसारखा. मधेच एखादा टप्पोरा ठोका. मी कान बाहेर लावला, बाहेर काहीच पडत नव्हतं. मनाला म्हटलं, चिंचांचा आवाज असेल, भिंतीवर आपटून घुमत असेल. पण चिंचा झोडपणारा घरी गेला तरी आवाज चालूच राहिला.

माजघर ओलांडायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. सयपाकखोलीला दार नव्हतं, नुसती चौकट होती. मी चौकटीपाशी पोचलो आणि आवाज थांबला. घरात पाहुणा आला की बोलणारे गप्प होतात, तसा.

जमीन पांढरी होती. मी डोळे चोळले. उन्हातून अंधारात आलं की असं होतं, डोळ्यांपुढं पांढरं तरळतं. थोडा वेळ गेला आणि ती जमीनच दिसली, ओली आणि खळग्यांची. चुलीपुढची जागा कोरी होती. चुलीत जुन्या राखेवर हाताचा ठसा होता. बोटं फाकवलेली. शेकायला हात पुढे करावा आणि तो राखेतच टेकावा, तसा.

मी तिथून पळालो नाही. माझ्या मनात भीतीच्या आधी दुसरंच आलं. मला वाटलं, हे जे काय आहे ते गारठलेलं आहे. आणि त्याला इथं मीच आणून बसवलंय.

मग भीती आली, आणि पाय आपोआप बाहेर निघाले.

६

मी काय सांगणार होतो? म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाले असते. पाडव्याला भोजराजनं बैलगाडीतून पेटी, दोन खाटा आणि भांडी आणली. मैनाबाईनं दारात हळदीकुंकू वाहिलं. चूल नवी घातली. जिथं चूल पेटेल तिथं गारेला जागा नाही, बापाच्या वाक्याचा हा अर्थ धरून मी बसलो होतो. एकदा धूर निघाला की झालं.

धूर निघाला नाही. साधनेनं गोवरी लावली, तुराटी लावली, घासलेट ओतलं. पेटायचं आणि विझायचं. फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले.

"चूल ओली हाये, वाळू दे," भोजराज म्हणाला.

चार दिवस वाळली. तरी तेच. मैनाबाई आमच्या घरून भात-वरण नेऊन द्यायची. सातव्या दिवशी साधना आमच्या चुलीपाशी येऊन बसली. चैत्राचं ऊन, आणि तिच्या अंगावर दोन लुगड्यांचं धडपं.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्या बाजूले दुपारी तांदूळ कोण पाखडते जी?"

"काहून?"

"आवाज येते. मी निजते तेव्हा लय जवळून येते." ती हात चुलीवर धरून होती. नखं निळी पडली होती. "अन् पोटातलं लेकरू त्या घरात हालत नाही. इथं आली का हालते. माय म्हणते पहिलटकरणीले असंच वाटते."

मैनाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

साधना गेल्यावर मैनाबाईनं भाकरीचं पीठ बाजूला सारलं. माझ्या समोर येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. खळगे, कोरी जागा, राखेतला हात. मला वाटलं ती हसेल. मी तिच्या हसण्याची वाटच पाहत होतो.

"दरवर्षी मी सारवलं," ती हळूच म्हणाली. "त्याच्या बाजूले बसून सारवलं म्हणा ना."

"माहा भास असन."

"लेकीची नखं भास हाये का?" तिनं पदर डोक्यावर घेतला. "मंग आता?"

मी साधनेला आमच्या घरी आणायचं म्हटलं. मैनाबाई दोनदा जाऊन आली. भोजराज ऐकेना. शेजारी घर असताना बायको माहेरी ठेवली तर लोक काय म्हणतील, असं त्याचं चाललं होतं, आणि नवरा खोकत असताना साधना त्याला एकटं सोडेना. मी कोणत्या तोंडानं सांगू, की तुझं घर मी गारेला देऊन बसलोय?

७

रामनवमीच्या आदल्या दिवशी ढग आला.

सकाळी थंडी होती. दुपारी घामानं अंग भिजलं. मग वारा पहाडावरून आला, थांबला, खालून आला, पुन्हा थांबला. पाखरं झाडांतून उठली आणि परत बसेनात. ढगाचं पोट हिरवं दिसायला लागलं. मी विळा घेतला.

पारावर अर्धं गाव जमलं होतं. भोजराज खळ्यावर गहू झाकायला धावला होता. साधना त्या घरात निजलेली. मैनाबाई आमच्या दारात.

"काळ्या दगडावर जा!" मी ओरडलो. "काळ्या दगडावर जा!"

मी तसा आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. पण ढग माझ्याकडे पाहतही नव्हता. संध्याकाळी गुरांचा कळप गावात शिरतो आणि प्रत्येक गाय न सांगता आपल्या दाराशी वळते, तसा तो निघाला. चार वर्षं मीच त्याला ते दार दाखवलं होतं. तो महागूच्या कवेलूंवर येऊन थांबला.

"नेहमीचं बोल ना गा!" मोतीलाल पटेल म्हणाले. "मागच्या साली कसा एका शब्दात गेला!"

आंगणात थेंब नाही. कवेलू कोरडी. आणि उघड्या दारातून तो आवाज यायला लागला, आता तांदळाचा नाही, मुरूम ओतल्यासारखा. पारावरच्या लोकांनीही ऐकला असावा, कारण सगळे मागं सरकले. मग साधनेची हाक आली.

"बाबा!"

मी पारावरून उडी मारायला निघालो आणि मला कळलं की मी तिला बाहेर काढलं तरी हे थांबणार नाही. ती त्या घरात परत जाईल, तिथंच बाळंत होईल. गारेला नाही म्हणता येत नाही. जागा सांगता येते.

"तिथं नाही," मी म्हणालो. आवाज फाटला होता. "इकडं ये. माह्या घरात ये. टिकारामच्या घरात."

ढग हालला नाही. आमच्या कवेलूंतून धूर निघत होता. मैनाबाईनं सकाळपासून चुलीवर लेकीसाठी पाणी ठेवलं होतं.

मी मैनाबाईकडे पाहिलं. एवढ्या लांबून ओरडून सांगावं असं ते नव्हतं. पस्तीस वर्षांचा संसार त्या चुलीवर शिजला होता. पण तिनं माझं बोलणं ऐकलं होतं आणि तिला माझ्या बापाचं वाक्य ठाऊक होतं. ती आत वळली. पाण्यानं भरलेला पितळी गुंड तिनं चुलीवर पालथा केला. फस्सकन आवाज झाला आणि दारातून राखेची वाफ बाहेर आली. तिनं निखारे हातानं दाबून पाहिले असावेत, कारण बाहेर आली तेव्हा उजवा हात काळा होता.

"विझली जी," ती म्हणाली.

महागूच्या घरातला आवाज बंद पडला. मग मैनाबाईच्या पाठीमागं, आमच्या उघड्या दारात, सयपाकाच्या खोलीपर्यंत मला एक क्षण दिसलं. सगळं पांढरं उसळत होतं. त्यात विझलेल्या चुलीकडं तोंड करून कोणी बसत होतं. दमलेला माणूस बसतो तसं, आधी एक हात जमिनीला टेकून.

मैनाबाई वळून पाहणार होती. मी ओरडलो, "पाहू नको!" तिनं पाहिलं नाही. दार मागच्या मागं ओढून घेतलं.

थोड्या वेळानं ऊन पडलं. मी महागूच्या घरात गेलो तर साधना भिंतीला टेकून बसली होती, केसांत पाणी, दातावर दात वाजत. मी माझा सदरा तिच्या अंगावर टाकला आणि चुलीत काडी लावली. गोवरी लगेच पेटली. साधनेनं पोटावर हात ठेवला आणि रडायला लागली.

"हालते जी बाबा. इथंच हालते."

८

ज्येष्ठात तिला मुलगी झाली. दुर्गा. भोजराजचा खोकला हळूहळू कमी झाला. त्याच्या शेतात गहू होतो, जवस होतो. महागूनं ते घर त्यालाच देऊन टाकलं.

मी आणि मैनाबाई त्या दिवसापासून आमच्या छपरीत राहिलो. आतल्या दाराला कुलूप. जेवायला लेकीकडे. लेकीच्या घरचं पाणीही आईबाप पीत नाहीत आमच्यात, पण आम्ही दोन्ही वेळ जेवायचो. गावात बोलणं व्हायचं. मैनाबाई म्हणायची, "बोलू द्या. लेकीच्या हातचा भात गरम असते." ती सगळ्यांना सांगायची की घराचं लाकूड सडलं, आत विंचू निघतात.

त्यानंतर मला पारावर उभं राहावं लागलं नाही. फाल्गुनात ढग येतो, हिरवा होतो, आणि आपणहून विरतो. तरी खळ्यावर अजून सूप घालतात. मोतीलाल पटेल गेले, त्यांची मुलंही घालतात. छपरीत खाटेवर पडलो की भिंतीपलीकडून तांदूळ पाखडल्याचा आवाज येतो. मी उठून बसायचो तेव्हा मैनाबाई म्हणायची, "निजा. घरीच हाये ते."

तिचा उजवा हात त्या दिवसापासून कधी तापला नाही. शेकला, तेल लावलं, किरनापूरला दाखवला. झोपताना ती तो माझ्या हाताखाली ठेवायची, आणि मी सकाळपर्यंत तसाच पडून राहायचो. मागच्या पौषात ती गेली. लेकीच्या चुलीपाशी, उबेत. दुखणं काही नव्हतं. थंडी वाजते म्हणाली, आणि गेली.

या फाल्गुनात साधना म्हणाली, "बाबा, दुर्गा आता मोठी झाली. इकडं जागा पुरत नाही. तुमचं घर उघडू, कवेलू फेरू, चूल घालू. मी सारवून घेते."

"मी आधी पाहून येतो," मी म्हणालो.

होळीच्या आधी मी दरवर्षी उघडतोच. एक झाडू, एक टोपली. कुलूप थंड होतं. सयपाकखोलीत खळगे होते, बारा-तेरा वर्षांचे एकावर एक, पाय ठेवायला जागा नाही. चुलीपुढची ती जागा कोरी.

तिच्या बाजूला आणखी एक कोरी जागा होती. लहान, अंग चोरून बसल्यासारखी.

मी झाडू धरून उभा राहिलो. म्हातारपणी एकाचे दोन दिसतात, मला ठाऊक आहे. मी खाली बसलो, हातानं चाचपत गेलो. त्या लहान जागेच्या अलीकडे, माझ्या बाजूला, तिसरी एक जागा होती. तिथंही खळगा नव्हता. पण ती कोरी नव्हती. ती सारवलेली होती, यायच्या माणसासाठी तयार ठेवावी तशी. एका माणसापुरतं गोल सारवण, कमानी काढत काढत. प्रत्येक कमानीत तीन रेघा.

मी हात ठेवला. शेण ओलं होतं. आजचंच होतं. आणि त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताला ऊब लागली.

बाहेर वारा बदलला होता. छपरीत आलो तेव्हा पहाडावर ढग चढत होता, आणि साधनेच्या कवेलूंतून धूर निघत होता, सरळ आणि दाट. ती दारात येऊन उभी राहिली.

"कसं हाये जी घर?"

"ते घर उघडू नको पोरी. चूल घालू नको. माह्यामागंही घालू नको. माह्या गळ्याची आण हाये."

लहानपणापासून तिनं माझा शब्द मोडला नाही. "बरं," ती म्हणाली. मग माझ्या मागे पाहिलं. "बाबा, कुलूप लावायचं राह्यलं."

"राहू दे," मी म्हणालो. "तू वाढ मले. जेवून परत जायचंच हाये."

भात गरम होता. मी सावकाश जेवलो.